वॉशिंग मशीनची सभा तहकूब

अन्याय नेकनूरच्या कुसुमकाकूंवर झाला आहे. अक्षय्य तृतीयेला, आमरस सांडलेली चादर पोटात असताना, त्यांचं बारा वर्षांचं वॉशिंग मशीन घरघरून बंद पडलं. आता पोळाही कोरडा गेला, तरी दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं, याचा निर्णय नाही. दोषी एकच: त्यांचे यजमान, माझे शेजारी दगडूअण्णा.

अण्णा दूध सोसायटीचे सचिव होते. दुष्काळानं गोठे रिकामे झाले, सोसायटीला कुलूप लागलं आणि इतिवृत्ताची वही त्यांच्याबरोबर घरी आली. तेव्हापासून घरात दोडका शिजवायलाही सूचक आणि अनुमोदक लागतो.

मशीनसाठी त्यांनी पाच सभा बोलावल्या. पुण्यातल्या दोन मुलांना, लातूरच्या मुलीला पोस्टानं नोटिसा गेल्या. गणपूर्ती तीन, हजर दोन. पाचही सभा तहकूब!

मुलं फोनवर म्हणतात, "अण्णा, नवं पाठवतो, विषय संपवा." अण्णांचं उत्तर ठरलेलं: "फोनवरचं मत धरता येत न्हाई. सभेला या."

मी 'सचिवशाही मुर्दाबाद' असं पत्रकच लिहून नेलं. ठणकावलं, "तहकूब सभा अर्ध्या तासानं पुन्हा भरते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. गावाला हे तुम्हीच शिकवलंत!"

"लई शाना झालास बे. ते सोसायटीला. घराला न्हाई."

"मग काकूंनी कुठवर कपडे बडवायचे?"

काकू खो खो हसल्या. "मी कावून बडवू? सचिवसायबच धुत्यात की! साबण इतका लावत्यात, टँकरचं पाणी पुरंना."

माझी हवाच गेली. पत्रक मागं घेतल्याची नोंद करा म्हणून मी वही पुढं ओढली. पानांमध्ये मशीनचा कोरा रबरी पट्टा होता. सोबत चौसाळ्याच्या मिस्त्रीची पावती, मशीन बंद पडल्याच्या दुसऱ्याच दिवशीची. बसवायला दहा मिनिटं.

"अण्णा, हे काय?"

अण्णांनी वही हळूच मिटली. "बसीवला की विषय संपतो बे. मग पोरांना नोटीस कशाची काढू?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी पत्रक उलटं केलं. कोऱ्या बाजूवर सहाव्या सभेची नोटीस लिहिली, येत्या रविवारची.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावाकडच्या घरात काहीतरी बिघडलेलं असेलच. पंखा, मिक्सर, मोटार. नवं पाठवू नका. रविवारी गाडीत बसा, घरी जा आणि हजेरीच्या रकान्यात स्वतःच्या हातानं सही करा.