योग्य जागी बसलेली नळी

बोईसरजवळच्या एका सरकारी रुग्णालयात १९८७ साली तालुक्यातली पहिली मध्यवर्ती नळी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत औषध सोडणारी नळी, बसवण्यात आली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण ते आता सुधारलं आहे, असं त्यांचंच म्हणणं आहे. नळी मासळी विकणाऱ्या जमनाच्या खांद्याजवळच्या हाडाखालून आत गेली. जुलाबांनी तिच्या हातांच्या शिरा पार बसल्या होत्या. या नळीतून औषध गेलं तरच ती वाचणार होती.

नळीचं टोक खाली, हृदयाच्या दाराशी हवं आणि ते एक्स-रेत पाहिल्याशिवाय औषध सोडायचं नाही, असा नियम होता. नियम चांगला होता, म्हणूनच घोळ झाला.

"वर गेली," एक्स-रे पाहून डॉ. पाध्ये म्हणाले.

जमनाचा नवरा पुंडलिक मटकन खाली बसला.

"जमना नव्हे हो, नळी. खाली वळायची ती मानेत वर गेलीय. काढून परत घालतो."

"काढता येणार नाही," अधीक्षक चुरीसाहेब म्हणाले. "नळी योग्य जागी बसली, असं सकाळीच ठाण्याच्या आरोग्य कार्यालयाला कळवलंय. उद्या उपसंचालक फोटोला येतायत. आणि वर गेलेली गोष्ट खाली आणायची तर वरून परवानगी लागते."

तोवर समिती नेमली. तिच्यावर बांधकाम खात्याचे उपअभियंता होते, कारण नळांचा अनुभव तालुक्यात त्यांनाच. त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"खालीच तर जातेय."

"साहेब, तुम्ही ती उलटी धरलीय," पाध्ये म्हणाले.

"उलटी असली तरी मंजूर झालीय," चुरीसाहेबांनी सही करत सांगितलं. औषध सुरू झालं.

थोड्या वेळानं जमना कण्हली. "डाक्टर, माज्या कानात भरती आली हाय. पानी चढतेय."

"किनाऱ्यावरचं गाव. समुद्राचा आवाज यायचाच," चुरीसाहेब म्हणाले.

"सायब, आता तर ओहोटी हाय," पुंडलिक म्हणाला.

मानेला सूज चढू लागली. पाध्ये हातघाईवर आले. या फिल्मप्रमाणे रुग्णाचं डोकं खाली आणि पाय वर आहेत, हे तरी बघा, म्हणाले. चुरीसाहेबांना ते एकदम पटलं. मंजूर फिल्म बदलता येत नव्हती, रुग्ण बदलता येत होता. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या, मग स्टूल लावलं, शेवटी खाटच भिंतीला उभी करून जमनाला चादरीनं बांधलं. डोकं खाली, पाय छताकडे. फिल्म, रुग्ण आणि अहवाल यांचा आता मेळ बसला. मला हे लिहितानाही संताप येतो, पण अहवालात चूक सापडत नाही.

"सायब, हिला सरल कदी करनार?" पुंडलिकनं हात जोडले.

"परवानगी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी उपसंचालक आले, फोटो निघाला, चहा झाला. त्याच दुपारी जमना गेली. त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

फोटो पेपरात आला. त्यात साहेब सगळे सरळ आणि मागे जमना उलटी. आपण तो पाहिला, ओळखीचं कुणी आहे का म्हणून साहेबांची नावं वाचली आणि पान उलटलं.