ताबिशचा दिघाशीत जाहीर प्रवेश

"यंदा दिघाशीचा संघ मी निवडणार, आणि आपल्या गोलात माशीसुद्धा शिरणार न्हाय," असं नवशानं वैशाखातल्या एका रणरणत्या दुपारी अंजूरच्या गोदामात, खोक्यांच्या थप्पीवर उभं राहून जाहीर केलं. खाली डबे उघडून बसलेल्या हमालांनी मान वर केली, नवशा आहे हे बघितलं आणि पुन्हा भाकरीत लक्ष घातलं. गोदामात मुकादम म्हणून नवशाचं कोणी ऐकत नव्हतं, तिथं फुटबॉलवाला म्हणून काय ऐकणार!

आता खरं सांगायचं तर नवशानं आयुष्यात एकदाच चेंडूला पाय लावला होता, आणि तोही चेंडूच अंगावर आला म्हणून. पण मत? मताला काय कमी! युरोपातल्या कुठल्या क्लबानं कोणाला घेतलं, कोणाला उगाच सोडलं, कोणाचा गुडघा गेलाय हे त्याला स्वतःच्या सासऱ्याच्या गुडघ्यापेक्षा जास्त ठाऊक. सामने सुरू झाले की त्याचा रस कमी व्हायचा. त्याचं म्हणणं, पावसाळ्यात नुसती पळापळ असते, खरा खेळ उन्हाळ्यात होतो.

आमच्या तालुक्याच्या लीगचा कायदा सोपा आहे. सामने पावसाळ्यात. त्याआधी उन्हाळ्यात प्रत्येक संघानं आपले ठरावीक खेळाडू राखायचे आणि बाकीचे मोकळे सोडायचे. मोकळ्या खेळाडूनं कोणाला आधीच शब्द दिला असेल तर तो त्या संघात गेला. उरलेले सगळे एका रविवारी मैदानावरच्या मांडवात बसतात आणि संघ पाळीपाळीनं त्यांची नावं घेतात. मागच्या साली जो तळाला, त्याची पाळी पहिली. एकदा नाव घेतलं की वर्षभर फिरवाफिरवी नाही, आणि ऐन वेळी माघार घेणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी मैदानाची पायरी बंद.

दिघाशीच्या नवतरुण क्रीडा मंडळाचा कप्तान महादू. गडी खेळायला वाघ, पण डोकं चालवायचं म्हटलं की त्याला लगेच जांभई येते. नवशानं त्याला महिनाभर असं काही पिळलं की शेवटी तो म्हणाला, बाबा, तूच निवड, मला म्हशी धुवायच्यात. झालं! त्या क्षणापासून नवशा स्वतःला निवड समिती प्रमुख म्हणवून घेऊ लागला. समितीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून एकमत पटकन झालं.

आणि समितीचा पहिला निर्णय काय? तर गोलकीपर बदलायचा.

इथंच खरी गोम होती. दिघाशीचा गोलकीपर भावेश म्हणजे नवशाच्या बायकोचा, काशीचा, एकुलता एक भाऊ. शाळेपासून गावाच्या गोलात उभा. स्वभावानं इतका गरीब की गोल खाल्ला तर मारणाऱ्यालाच हसून दाद द्यायचा. मागच्या साली अंजूरविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात एक चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला आणि चषकही गेला. गाव चार दिवसांत विसरलं. नवशा विसरेना. दर रविवारी भावेश बहिणीकडे जेवायला यायचा, आणि दर रविवारी नवशा ताटातल्या वाटीला गोल आणि लिंबाच्या फोडीला चेंडू करून त्याला त्याची चूक समजावून सांगायचा. भावेश म्हणायचा, "बरोबर हाय दाजी." काशी जरा जोरात वाढायची, एवढंच.

नवशाची नजर होती ती भिवंडी शहरातल्या ताबिशवर. उंच, चपळ, लांब हातांचा पोरगा. त्याच्या मोहल्ल्याचा संघ त्याला यंदा मोकळा सोडणार अशी बातमी मोबाईलवर फिरत होती. कोणी सोडली, कुठून आली, काही पत्ता नाही. पण नवशाला बातमी आवडली, म्हणजे ती खरीच असणार.

मग एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन स्वारी ताबिशच्या घरी हजर. ताबिशचे वडील दाऊदभाई लूमवाले. खालच्या मजल्यावर लूमची खडखड, वरच्या मजल्यावर घर. त्यांनी नवशाला गादीवर बसवलं. सरबत आलं, चहा आला, कबाब आले. ताबिशची आई कुबरा आतून विचारत राहिली की पाहुण्यांना अजून काही हवं का.

आता नवशाच्या गावात सोयरीक जुळवायला गेलेला माणूस पहिल्या भेटीत मुद्द्याचं काही विचारत नाही. थेट विचारणं म्हणजे अडाणीपणा. पाऊसपाणी बोलायचं, घराचं कौतुक करायचं आणि समोरच्याची वागणूक बघून समजून घ्यायचं. नवशानं मामेबहिणीचं लग्न असंच जुळवलं होतं, आणि खेळाडू आणायचा म्हणजे तरी दुसरं काय असतं! म्हणून तो लूमबद्दल बोलला, अंजूरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलला, ताबिशच्या उंचीबद्दल भरभरून बोलला. निघताना त्यानं वडीलधाऱ्यांच्या साक्षीनं ताबिशच्या तोंडात पेढा भरवला. ताबिशनं तो खाल्ला. कुबरानं मालपुव्यांचा डबा नवशाच्या हातात दिला. आणि दाऊदभाई, एवढा मोठा माणूस, गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन त्याला रिक्षात बसवून गेले.

रिक्षातच नवशानं हिशेब मांडला. दारापर्यंत सोडायला कोणीही येतो. रिक्षापर्यंत सोयराच येतो. म्हणजे पक्कं!

घरी जायच्या आधीच त्यानं रिक्षा फ्लेक्सवाल्याच्या दुकानाकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी दिघाशी फाट्यावर जो फ्लेक्स लागला, तो बघायला एसटीचे ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करू लागले. वर मोठ्या लाल अक्षरात "जाहीर प्रवेश!" खाली ताबिश, हाताची घडी घालून. मुंडकं ताबिशचं होतं, धड कुठल्यातरी परदेशी गोलकीपरचं, त्यामुळे गळ्यापासून खाली पोरगा अचानक गोरा झाला होता. त्याच्या शेजारी, जवळजवळ तेवढाच मोठा, गॉगल लावलेला नवशा, खाली "निवड समिती प्रमुख". मग बारीकसा महादू. आणि तळाला शुभेच्छुकांच्या गोल गोल फोटोंची रांग. त्यात खेळाडू होते, रिक्षावाले होते, पंपावरचा पोऱ्या होता, फ्लेक्सवाल्याचा मेहुणासुद्धा होता, कारण एक गोल रिकामा राहिला होता.

नवशाचा मेहुणा मात्र त्यात नव्हता.

गावात फ्लेक्सवरून फोटो जाणं म्हणजे काय हे बाहेरच्याला नाही कळायचं. भांडण झालं, जमीन वाटली, कोर्टात गेले, तरी भावाभावांचे फोटो फ्लेक्सवर शेजारी शेजारी असतात. फोटो गेला म्हणजे माणूसच गेला. भावेशला कोणी तोंडानं सांगितलंच नव्हतं की तुला संघानं राखलेलं नाही. त्याला ते सकाळी कामावर जाताना फाट्यावर, चार लोकांच्या देखत कळलं. तो म्हणे तिथं थोडा वेळ उभा राहिला, सगळे गोल फोटो पुन्हा एकदा बघितले आणि रिक्षात बसला.

काशीनंही फ्लेक्स बघितला. वज्रेश्वरीहून एसटीनं येत होती, फाट्यावर उतरली, वर बघितलं. घरी आली, भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढला आणि कपाटात उलटा ठेवला. नवशाला वाटलं, पुसायला काढला असेल. पण त्या दिवसापासून ती नवशाशी बोलायची बंद झाली. काही सांगायचंच असेल तर गोठ्यात म्हशीला सांगायची, तेही नवशाला ऐकू जाईल अशा बेतानं. जेवण वाढलंय, गॅस संपलाय, या घरात आता माझ्या माहेरचं कोणी येणार न्हाय, हे सगळं आधी म्हशीला कळायचं. रविवार आला. भावेश आला नाही. काशीनं त्याच्या नावाचं ताट वाढलं, बराच वेळ समोर ठेवलं आणि पदरानं डोळे पुसून उचललं. नवशानं ते सगळं बघितलं. पण तो स्वतःला म्हणाला, मोठे निर्णय असेच कडू असतात.

निवडीच्या आदल्या दिवशी दाऊदभाई आणि ताबिश दिघाशीत आले. नवशा हार आणायला पळाला. परत आला तर महादू डोक्याला हात लावून बसलेला. मोहल्ल्याच्या संघानं ताबिशला कधीच राखला होता. पोरगा मोकळा झालाच नव्हता! फ्लेक्सचा फोटो शहरभर फिरला, मोहल्लेवाले घरी येऊन ताबिशला जाब विचारून गेले, म्हणून बिचारे फोटो उतरवा म्हणून विनवायला आले होते.

नवशाच्या हातात हार तसाच लोंबत राहिला. त्यानं पेढ्याची आठवण करून दिली. मालपुव्यांची करून दिली. रिक्षाचीसुद्धा करून दिली.

दाऊदभाई अगदी नरमाईनं म्हणाले, "भाऊ, आप मेहमान थे. आम्हाला वाटलं, तुम्ही विचाराल, मग आम्ही हात जोडून नाही म्हणू. पण आपने पूछाच नहीं."

नवशानं आणलेला हार दाऊदभाईंच्याच गळ्यात घातला आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला.

रात्री घरी म्हशीनं सगळं ऐकलं, आणि त्यात नवशाची बाजू फारशी नव्हती.

तरी एक आशा होती. भावेश मांडवात असणार, त्याला परत घेता येईल. रविवारी नवशा पहिल्या रांगेत जाऊन बसला. पण दिघाशी मागच्या साली दुसरी आली होती, म्हणजे पाळी जवळजवळ शेवटी. आणि चषक जिंकलेल्या अंजूरची त्याच्याही मागून. नवशा निवांत झाला. अंजूरकडे त्यांचा गोलकीपर होता, आधीच्या पाळीच्या संघांकडेही होते, भावेशला घेणार कोण? त्याला हे ठाऊक नव्हतं की गोदामातल्या हमालांनी त्याची सगळी मतं अंजूरला रोज ताजी पोचवली होती. अंजूरवाल्यांनी आपल्या गोलकीपरला सोडून देऊन भावेशच्या घरी आधीच माणसं पाठवली होती. ती पाऊसपाणी बोलत बसली नाहीत. सरळ विचारलं, येतोस का? भावेशनं शब्द दिला होता. मांडवात त्याचं नाव पुकारलं गेलं ते फक्त सांगायला की हा गेला. अंजूरनं सोडलेला गोलकीपर तर पहिल्याच पाळीला तळाच्या संघानं उचलला.

दिघाशीची पाळी आली तेव्हा मांडवात गोलात उभं राहील असं एकच उरलं होतं, आणि तो मांडवाचा खांब होता.

महादूनं संघाला विचारलं, गोलात कोण? सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. माघार घेतली तर पुढचं साल गेलं. मग महादूला आयुष्यात पहिल्यांदा जांभई न येता विचार सुचला. त्यानं हातमोजे उचलले आणि नवशाच्या मांडीवर टाकले.

"तुझी निवड," तो म्हणाला. "तूच उभा रहा."

पहिलाच सामना अंजूरशी. चिखल घोट्यापर्यंत. नवशाला पोटावरून जर्सी उतरेना, कशीबशी ओढून बसवली. समोरच्या गोलात भावेश. कडेला अख्खं गाव, आणि छत्री घेऊन काशी. पहिला गोल झाला तेव्हा नवशा संरक्षण कसं उभं राहायला हवं होतं ते आपल्या खेळाडूंना समजावत होता. दुसरा झाला तेव्हाही तेच समजावत होता. तिसऱ्यानंतर कोणी ऐकेना. मध्यंतरानंतर अंजूरवाल्यांनाच मोजायचा कंटाळा आला, आणि त्यांच्यातल्या एकानं तर गोल मारून नवशाची माफी मागितली. दिघाशीला दोनदा संधी आली, दोन्ही भावेशनं झेप घेऊन अशा अडवल्या की दिघाशीचीच माणसं टाळ्या वाजवायला लागली. नवशानंसुद्धा वाजवल्या, मग मोज्यांकडे बघून थांबला.

अगदी शेवटी महादूनं वैतागून चेंडू हातानं अडवला. पेनल्टी! अंजूरच्या पोरांनी आपसात काही ठरवलं आणि चेंडू भावेशच्या हातात दिला. तो सगळं मैदान चालत आला. काशीनं छत्री मिटली.

भावेशनं चेंडू ठेवला. एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा दाजीकडे. चिखलानं माखलेला, धापा टाकणारा, हात पसरून उभा राहिलेला दाजी. भावेशचं मन कसं ते आधी सांगितलंच आहे. त्यानं चेंडू जोरात मारलाच नाही. पंगतीत ताट पुढं सरकवावं तसा अगदी अलगद, नवशाच्या पायांशी सरकवला. नवशानं नुसतं जागेवर उभं राहायचं होतं. वाकलं असतं तरी चाललं असतं.

पण नवशाचं मत होतं! भावेश पेनल्टी नेहमी उजवीकडे मारतो, हे त्याचं वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचं मत. त्यानं शिट्टी वाजताच डोळे मिटून उजवीकडे अशी काही झेप घेतली की तशी झेप तालुक्यात आजवर कोणी घेतली नव्हती. अर्धं मैदान अंगावर घेऊन तो खांबाशी आडवा झाला. चेंडू रमतगमत आला, त्यानं रिकाम्या केलेल्या जागेवरून गेला आणि रेषेपलीकडे जाऊन थांबला.

सगळं मैदान हसलं. भावेशनं तेवढं तोंड फिरवलं.

नवशानं डोळे उघडले तर समोर काशीच्या चपला. इतक्या दिवसांनंतर ती आज मध्ये म्हशीला न घेता सरळ त्याच्याशी बोलली.

"उठा," ती म्हणाली. "माझ्या भावानं मला ववाळणी घातली व्हती. ती पण तुमी सोडलीत."