वेगळंच आहे हं

व्हर्ना लिंडक्विस्ट गाउनवर, केसांना रोलर लावून, स्वयंपाकघराच्या खिडकीशी कॉफी घेऊन बसली होती आणि तिच्या पाठीमागे एक अनोळखी गृहस्थ तिच्या ओव्हनमध्ये डोकं घालून पाहत होते.

"खरा आहे गं," ते आपल्या बायकोला म्हणाले. "गरमसुद्धा आहे."

"आणि ही बाई?" बायकोने कुजबुजत विचारलं.

"तीही खरीच दिसतेय."

व्हर्नाचा कप हातातच राहिला. या एका कपाची तिने आयुष्यभर वाट पाहिली होती. मिनेसोटातल्या त्यांच्या गावात तिच्या नवऱ्याचं, ऑरविलचं, लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. चर्चहून परतावं तर कुणीतरी शेतकरी स्वयंपाकघरात उभा, त्याला बिजागरी हवी. व्हर्ना टबात असताना दाराबाहेरून नळाचे भाव विचारणारेही भेटले. दुकान विकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असं घर बघ ऑरविल, ज्याचं दार माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही. आणि सकाळी कॉफी पिताना समोर बघायला काहीतरी असावं. फावडी नकोत."

त्या काळी ॲरिझोनाच्या वाळवंटात निवृत्तांसाठी आखीव वसाहती उठत होत्या. निवडुंग उपटून तळी खणायची, मग तळ्याकाठी तोच निवडुंग पुन्हा लावायचा. पालो व्हिस्टा ही त्यांतलीच एक. तिथलं नमुन्याचं घर दोघांना दाखवलं गेलं. खिडकीबाहेर मोकळी वाळू आणि पलीकडे सकाळच्या उन्हात जांभळट झालेला डोंगर. व्हर्नाने खिडकीची चौकट धरली ती सोडेचना.

"असंच घर तुम्हाला दुसरीकडे बांधून देतो," विक्रेता ग्लेन डॉसन म्हणाला.

"असंच नको. हेच," व्हर्ना म्हणाली.

"मग घ्या हेच. फक्त बाहेरचे जाहिरातीचे झेंडे काही महिने राहू देत. कुणी आत डोकावलं तर चालेल ना?"

ऑरविलने बराच वेळ छताकडे पाहिलं. "हं," तो म्हणाला. "ते वेगळंच आहे."

त्यांच्या गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. पाहुण्यांना करपलेलं मटण वाढलं, सुनेने भडक केशरी पडदे लावले, पाद्र्याने चर्चमध्ये गिटार आणली, की लोक म्हणतात, "वेगळंच आहे हं." ऐकणाऱ्याला घाम फुटतो. पण ग्लेन कॅलिफोर्नियाचा. तिकडे वेगळं म्हणजे झकासच. त्याने ऑरविलचा हात जोरात हलवला आणि आणखी दोन झेंडे लावून टाकले.

तर ओव्हन. व्हर्नाच्या गावात घरात शिरलेल्याला, मग तो चोर का असेना, कॉफी विचारायची रीत होती. त्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायची. व्हर्नाने विचारलं. हे कॅन्ससचे लोक पहिल्यांदाच हो म्हणाले. मग तिने वेलदोड्याचा गोड पावही कापला.

"कंपनीने कमाल केलीय," ते गृहस्थ दुसरा तुकडा उचलत म्हणाले. "इथलं म्हातारपण कसं असेल ते दाखवायला माणसं ठेवलीत. त्यात ही बाई तर अगदी घरचीच वाटते."

बातमी पसरली. मोटारी येऊ लागल्या, मग बस. लोक बूट घालून ऑरविलच्या पलंगावर लोळून पाहत. कपाटातले त्याचे शर्ट चाचपून, कापड चांगलं वापरलंय म्हणत. एकदा तो टबात असताना दार उघडून एका बाईने विचारलं, "पाण्याला दाब कसा आहे हो?"

"चांगला आहे," ऑरविल फेस छातीपर्यंत ओढत म्हणाला. दुकानदाराची सवय जात नाही.

शेवटी व्हर्नाने ठरवलं, आता लोकांना कडू तेच सांगायचं.

"इथे उन्हाळा कसा असतो?" कुणी विचारलं.

"वेगळाच असतो."

"शेजारीपाजारी?"

"तेही वेगळेच."

"मुलंबाळं येत असतील की भेटायला."

"नाताळात येणार होती. फोनवर म्हणाली, वाळवंटात नाताळ म्हणजे वेगळंच."

त्या बाईने डोळे टिपले, नवऱ्याचा दंड दाबला आणि दोघांनी अंगणातच करारावर सह्या केल्या.

मग ऑरविल टोपी घालून ग्लेनकडे गेला. इतकं कडक तो जन्मात कुणाला बोलला नव्हता.

"ग्लेन, हे आता जरा जास्तच वेगळं होतंय."

"मलाही तेच वाटतंय, काका," ग्लेन गहिवरून म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने चर्चच्या जेवणावळीत असते तेवढी कॉफीची भलीमोठी टाकी भेट पाठवली. ती ठेवायला खिडकीचा कट्टाच तेवढा रुंद होता. डोंगर टाकीमागे गेला. व्हर्नालाही आता खिडकीशी बसायला सवड कुठे होती? ती पहाटेपासून पीठ मळत असे.

वसंत सरता सरता ग्लेन आला. शेवटचा प्लॉट विकून त्यावरचं घरही बांधून झालं होतं. त्याने झेंडे काढले, टाकी मोटारीत घातली आणि व्हर्नाच्या गालाचा मुका घेतला. तो गेल्यावर ऑरविलने आपल्या जुन्या पेटीतून दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं आणि पुढच्या दाराला बसवलं. किल्ली व्हर्नाच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना गाउनवर, रोलर लावून, कॉफी घेऊन बसली. घरात आवाज नव्हता. तिने सावकाश पडदा सारला.

समोर गुलाबी भिंत होती. भिंतीत खिडकी. खिडकीत गाउनवर, रोलर लावून, कॉफी घेऊन बसलेली बाई. तिने आनंदाने हात हलवला आणि दिसेनाशी झाली.

"ऑरविल," व्हर्ना म्हणाली, "डोंगर कुठे गेला?"

ऑरविल येऊन बघत उभा राहिला. "शेवटचा प्लॉट," तो म्हणाला. "त्या टेक्सासच्या लोकांचा. पावाचे चार तुकडे खाल्ले होते ना, ती."

तेवढ्यात मागचं काचेचं सरकतं दार सरकलं.

"अगं, पुढच्या दाराला हे एवढं कुलूप बसवलंय तुम्ही," रिकामा कप घेऊन आत येत समोरच्या खिडकीतली ती बाई, लोरेटा, म्हणाली. "म्हटलं, वाळूतून गेलं तर तेवढंच जवळ. आम्ही हा प्लॉट तुझ्यासाठीच घेतला, माहितीय? नवरा म्हणाला, डोंगराकडचा घेऊ. मी म्हटलं, डोंगर काय करायचाय, कॉफीच्या बाईसमोर राहू." ती खुर्ची ओढून खिडकीशी बसली. "खरं सांग हं, इथून कसं दिसतं आमचं घर?"

व्हर्नाने भिंतीकडे पाहिलं. ऑरविलकडे पाहिलं. ऑरविलने छताकडे पाहिलं.

"वेगळंच आहे," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं," लोरेटाने कप पुढे केला. "पाव आहे का गं थोडा?"

व्हर्नाने किल्ली गाउनच्या खिशात टाकली आणि पावाची सुरी शोधू लागली.