काकाजींची शुगर

आमच्या मोहाडीतल्या गल्लीत देवरावकाकाजी आल्यागेल्याला पाणी नंतर विचारतात, आधी शुगर. "उपाशीपोटी किती?" नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा म्हणाला, "जेवून आलो, काकाजी."

मला शुगर निघाली तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. "ये, ये, आता तू आपला झाला!" म्हणत त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं. उभा जन्म हातमागावर गेला, त्यामुळे दलियाची खिचडीही ते विणल्यासारखीच करतात. "दलिया म्हणजे ताणा, सालीची मूगडाळ म्हणजे बाणा. दोन्ही बरोबर पायजे." दलिया वास सुटेपर्यंत कोरडा भाजायचा. मग चमचाभर तेलात जिरं, हिंग, आलं-मिरची, हळद, मूठभर मेथी. शिट्ट्या चारच. पाचवी झाली की "धागा तुटला!" म्हणून कुकरवर ओरडतात.

पूर्वी लग्नाच्या पंगतीत काकाजी बसले की वाढपी भाताची परात त्यांच्याजवळच ठेवायचे. आता ते खिचडीचा डबा घेऊन जातात आणि भात आला की मान फिरवून मांडवाची झालर बघतात. भाताच्या मुलखात चार वर्षं भाताला न शिवणं काही सोपं नाही. मला मात्र कोडं वेगळंच होतं. गावभर आकडे विचारणारा हा माणूस स्वतःचा आकडा कधी सांगत नसे. मशीन काढलं की म्हणायचे, "मागानं बोटं घट्ट केले गा, सुई जाऊन नाही राहिली."

गेल्या रविवारी सकाळी काकूंनीच मला बोलावलं. त्यांना चार वर्षांपासून शुगर आहे. "यायची शुगर तपास गा भाऊ. मले आजवर आकडा माहीत नाही," काकाजींकडे बोट दाखवून म्हणाल्या आणि कारल्याचा रस काढायला आत गेल्या.

मी बोट टोचलं. नव्वद. मशीन बिघडलं समजून पुन्हा टोचलं. अठ्ठ्याऐंशी.

"काकाजी, तुम्हाला तर शुगरच—"

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल. मले कायची शुगर! तिले निघाली अन् तिच्या ताटातला भात गेला. मी भात खाऊन राहिलो होतो, अन् ती भाकर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. रडून राहिली होती गा. म्हणून मंग दुसऱ्या दिवशी मले पण निघाली."

"किती निघाली?" आतून काकूंनी विचारलं.

काकाजींनी माझ्यापुढे हात जोडले.

"दोनशे दहा," मी कसंबसं म्हणालो.

काकू रसाचे दोन पेले घेऊन बाहेर आल्या. "बापा! माह्यापेक्षा जास्त!" एरवी त्या रसाला हजार नावं ठेवतात. त्या दिवशी मोठा पेला काकाजींच्या हातात देऊन आपला त्यांनी एका दमात संपवला. मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नका. मी हावो ना."