सेवकरामचा तब्येतीचा दाखला

आंबागडच्या सेवकरामला एकच दुःख होतं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून आल्यापासून त्याच्याशी कुणी भांडत नव्हतं.

तो स्वतः ठणठणीत होता, पण गावानं त्याला लोणच्याच्या बरणीसारखं जपायला घेतलं होतं. बायको बेबीबाई पूर्वी वेशीपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची, ती आता कुजबुजायची. चुलतभाऊ तुलाराम जन्मात कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. तोही "तुहंच खरं, दादा" म्हणून उठून जायचा. पत्त्यांत तर सगळे ठरवून हरत. अशा जिंकण्यात काय राम?

अशातच त्याच्यावर उपचार करणाऱ्या तुमसरच्या दवाखान्याला उत्तम हृदयोपचाराबद्दल मानांकन मिळालं. पेपरात फोटो छापून आला. सत्काराच्या कार्यक्रमात बरा झालेला पेशंट मंचावर हवा, म्हणून तिथल्या डॉक्टर भुपेंद्रनी सेवकरामला फोन केला.

"येतो ना साहेब," सेवकराम म्हणाला. "फक्त मी पुरा दुरुस्त हावो, हे तुमी माईकवर सांगा. गावाले पटत नाई."

"ठणकावून सांगतो!"

बेबीबाईला सांगायची सोय नव्हती. मंचावर छातीत धडधडेल म्हणून तिनं पाठवलंच नसतं. ती धान कापायला बांधीत, भाताच्या शेतात गेल्यावर सेवकरामनं पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा चढवला. मोबाइल चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. दवाखान्याच्या गाड्या पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या, त्यामुळे ड्रायव्हर इश्वर ॲम्बुलन्सच घेऊन आला. तिच्यात कार्यक्रमाच्या खुर्च्या आणि झेंडूचे हार खच्चून भरले होते.

"भाऊ, बसाले जागा नाई. स्ट्रेचरवर लेटून जा. आन् हे हार पोटावर धरा, दबले तं साहेब बोंबलतीन."

सेवकराम हार घेऊन आडवा झाला आणि डोळे मिटून भाषण घोकू लागला. वळणावर म्हशी आडव्या आल्या, तेव्हा इश्वरनं भोंगा वाजवला. तो ऐकून हापशीवरच्या शकुनबाईनं काचेतून आत पाहिलं. पांढरे कपडे, मिटलेले डोळे, पोटावर हार! तिची घागर तिथंच राहिली आणि ती धावत बांधीवर पोहोचली.

"बेबीबाई वो! सेवकरामभाऊ गेले!"

"कोठं गेले?"

"अवो, हार टाकून नेलं त्यायले!"

बेबीबाईनं विळा टाकून हंबरडा फोडला. काल रात्री भाजीत मीठ कमी म्हणून तो कुरकुरला होता आणि तिनं काही न बोलता मीठ वाढलं होतं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं वाटून तिला जास्तच रडू आलं.

"पन दवाखानेवाले हार काहून आनतीन?" कुणीतरी विचारलं.

"अबे, मानांकनवाला दवाखाना हाये," तुलाराम डोळे पुसत म्हणाला. "सारी सोय करतेत."

गावातल्या सगळ्या मयतींची व्यवस्था तुलारामकडेच असायची. त्यानं बघता बघता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांबू, मडकं आणि माणसं भरली आणि तुमसरची वाट धरली.

इकडे दवाखान्यातल्या मंचावर डॉक्टर भुपेंद्र रंगात आले होते. "आमच्याकडून पेशंट हसत घरी जातो!" असं ते म्हणाले आणि त्याच क्षणी दारातून आधी बांबू आत आले, मग तुलाराम, मग रडणारं अख्खं आंबागड.

"हे कोण?" मानांकन समितीच्या पाहुण्यांनी विचारलं.

"पेशंटचे नातेवाईक," डॉक्टर न डगमगता म्हणाले.

"आणि बांबू?"

"मांडव वाढवतोय. गर्दी फार झालीय."

तेवढ्यात बेबीबाईला मंचावर खुर्चीत बसलेला नवरा दिसला. त्याच्या गळ्यात हारही होता.

"अवो! तुमी जित्ते हा?"

"मेलेला मानूस खुर्चीवर बसते काय?"

बेबीबाई मटकन खाली बसली. डॉक्टर माइक टाकून धावले, नाडी पाहिली, पाणी पाजलं. "काही नाही, घाबरल्या आहेत," असं सांगून त्यांनी माइक पुन्हा उचलला आणि शब्द पाळला. "सेवकराम पूर्ण बरे आहेत! ओझं उचलू शकतात, धान कापू शकतात, वाद घालू शकतात!"

"पक्कं ना साहेब?" बेबीबाईनं विचारलं. "यायले आता काईच होनार नाई?"

"काहीही होणार नाही."

बेबीबाई उठली. पदर खोचला आणि वर्षभराचं साठलेलं सगळं बाहेर काढलं. न सांगता जाणं, चोरून खाल्लेली भजी, धान कापायच्या दिवसांत पारावरचे पत्ते. माइक डॉक्टरांच्या हातात सुरूच होता, म्हणून ते बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलं. सेवकरामचा चेहरा उजळला. किती दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं!

पण बेबीबाई थांबेना. मग तुलाराम सुरू झाला. "दादा, दुरुस्त हायेस ना? मंग हे बांबू तूच ने ट्रॅक्टरवर. आन् उद्या माह्या बांधीतलं धान काप. मांगच्या साली तुहं मीच कापलो."

सेवकरामनं सगळे बांबू खांद्यावर घेतले आणि जाता जाता डॉक्टरांच्या कानाशी तोंड नेलं.

"साहेब, मले जराकसं जपाले पायजे, एवढं तरी माईकवर सांगा ना."

डॉक्टरांनी पाहुण्यांकडे पाहून हसत माइक बंद केला.

"आता जमायचं नाही, सेवकराम. मानांकनाचा प्रश्न आहे."