चंद्रीची वाढीव वॉरंटी

आमच्या घरमालकीण आक्का स्वतःच्या गाडीच्या पुढून कधी जात नाहीत. मागूनही जात नाहीत. पुढून गेलं तर शिंग लागतं आणि मागून गेलं तर लाथ बसते, हा त्यांचा गोठ्यातला जन्मभराचा अनुभव. आता गाडी चार चाकांची, पांढरी, शोरूममधून हार घालून आणलेली असली म्हणून काय झालं? आक्का बाजूनं येतात, टपावर एक थाप मारतात, "व्हय गं चंद्रे, निघायचं का?" म्हणतात आणि मगच दार उघडतात. चंद्री हे गाडीचं नाव. आरटीओच्या कागदावर ते नाही, याचं त्यांना वाईट वाटतं.

मी लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि महाळुंग्यात आक्कांच्या तीन मजली घरात वरच्या खोलीत राहतो. ज्या वावरात आक्का कांदे काढायच्या, त्याच वावरात आता मी बोल्टांची मापं घेतो. जमीन कंपनीत गेली, आलेल्या पैशातून खोल्या उठल्या, खोल्यांत आमच्यासारखे भाडेकरू आले. आक्कांचे मालक बरीच वर्षं झाली गेले. मुलगा वाकडला फ्लॅटमध्ये असतो, फोनवर बोलतो.

साठीच्या तोंडावर या बाईंनी गाडी शिकायची ठरवली. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर सांगतो, पहिल्याच दिवशी तळवड्याच्या चौकात एक टेम्पो आडवा आला. मास्तर ओरडला, "हॉर्न, आक्का, हॉर्न!" आक्कांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "सरक की रं मुडद्या!" टेम्पो सरकला. तेव्हापासून हॉर्नची गरज त्यांना पटलेली नाही.

आक्कांचं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे एक वाक्य. "मी आडानी, मला इस्कटून सांग." हे ऐकलं की समोरच्यानं खुर्ची ओढून बसावं, कारण आता सुटका नाही. वीज मंडळाचा माणूस एकदा बिल इस्कटून सांगता सांगता इतका थकला, की शेवटी त्यानं आक्कांकडेच जेवण केलं.

तर अशा आक्कांना सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. गाडीची वॉरंटी या महिन्यात संपतेय, वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर त्याच्या आत घ्या, नंतर मिळणार नाही.

झालं. आमच्या घराचं कामकाज ठप्प झालं. आक्का जिन्याच्या पायथ्याशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या आणि शिफ्टवरून येणाऱ्या प्रत्येकाला अडवू लागल्या. तळमजल्यावरचे जाधव म्हणाले, "अजिबात घेऊ नका. बिघडायच्या वेळी हे लोक म्हणतात, नेमका हाच पार्ट त्यात बसत नाही." मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू गाडी चालवतेस किती? देवळापर्यंत आणि परत. कशाला पैसे घालवतेस?" मग माझी पाळी आली.

"तू इंजिनेर. तू सांग."

मी आमच्या क्वालिटीच्या सवयीनं म्हणालो, "आक्का, तसं पाहिलं तर घ्यावी, आणि तसं पाहिलं तर नाही घेतली तरी चालेल."

आक्कांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कंपनी तुला पगार देती व्हय रं?" एवढंच म्हणाल्या.

शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी मला शेजारी बसवून त्या चिंचवडच्या शोरूममध्ये निघाल्या. रस्ताभर मी नसलेला ब्रेक दाबत होतो.

तिथे प्रणाली नावाची मुलगी होती. बोलायला गोड, कामाला पक्की. तिनं चकचकीत माहितीपत्रक पुढे केलं. आक्कांनी ते न उघडता घडी करून माझ्या खिशात कोंबलं आणि म्हणाल्या, "बाळ, मी आडानी. मला इस्कटून सांग."

मी खुर्ची ओढून बसलो.

"इमा तर हाय माझा," आक्कांनी सुरुवात केली. "मग ही वारंटी कशापायी?"

"आक्का, कुणी गाडीला ठोकलं तर विमा. पण गाडी आपली आपणच बिघडली, इंजिन, गिअरबॉक्स, एसी, तर वॉरंटी."

"म्हंजी बाहिरनं मार लागला तर इमा, आन आतनं दुखलं तर वारंटी."

प्रणालीनं ते कागदावर लिहून घेतलं. "हे मी उद्यापासून सगळ्यांना असंच सांगणार," ती म्हणाली.

"सांग. ब्रेक बसतो यात?"

"ब्रेक पॅड नाही, आक्का. टायर नाही, वायपर नाही, क्लच प्लेट नाही. जे झिजतं ते नाही."

"आगं, जे झिजत न्हाई त्येची हमी देताय तुमी! झिजत न्हाई ते बिघडंल कशाला?"

"न झिजणारंच बिघडलं की खर्च मोठा असतो ना," प्रणाली शांतपणे म्हणाली. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"उंदरानं वायरी कुरतडल्या तर?"

"नाही बसत."

"आमच्यात उंदीरच लई हायती."

"मग मांजर पाळा, आक्का," प्रणाली म्हणाली, आणि आक्का पहिल्यांदा हसल्या. मला समजलं, दोघींचं जमलं.

मग अटी आल्या. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी आणि कंपनीच्याच सेंटरमध्ये करायचं, बाहेर कुणाकडून इंजिन उघडायचं नाही. "म्हंजी बाळंतपन म्हायेरालाच," आक्कांनी निकाल दिला. मागे रांग लागली होती. एक सूटवाले गृहस्थ घड्याळ पाहत होते. आक्कांनी त्यांनाही खुणेनं खुर्ची दाखवली.

सगळं विचारून झालं. आता त्या नको म्हणणार, अशी माझी खात्री होती. पण आक्का उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात, जणू कुणी ऐकू नये असं, म्हणाल्या, "बाळ, उद्या गाडी दुसऱ्याच्या नावावर केली, तर ही वारंटी ऱ्हाती का जाती?"

"राहते की. फक्त इथे येऊन नाव बदलून घ्यायचं."

"मग दे."

कार्ड काढलं, पिन मला न दाखवता दाबला, विषय संपला. मी मात्र हादरलो. आक्का चंद्री विकणार? बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "बस गप."

परतताना गाडी निगडीकडे सरळ जायच्याऐवजी आकुर्डीत आत वळली. स्टेशनच्या बाजूला एका जुन्या इमारतीपुढे थांबली. आक्कांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

"वर माझी लेक ऱ्हाती. मनीषा."

चार वर्षं मी त्या घरात राहतोय. आक्कांना मुलगी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"जमीन गेली तवा हक्कसोडाचा कागद केला," त्या समोर बघत सांगू लागल्या. "समदं भावाच्या नावावर. मीच तिला म्हनले, सही कर. तिनं केली. एक शबुद बोलली न्हाई. चहा बी पिऊन गेली. पुन्हा आली न्हाई."

"वर जा की, आक्का."

"मला बघून दार लावंल. तू जा. तुला वळखत न्हाई, उघडंल."

मी गेलो. दार उघडणाऱ्या बाईंना आक्कांचेच डोळे होते. माणसाला भिंतीला टेकवून ठेवणारे. मी म्हणालो, "आई खाली गाडीत आहेत."

"कशाला?"

मी काहीच ठरवून गेलो नव्हतो. "वाढीव वॉरंटी घेतलीय," मी म्हणालो.

कदाचित ते इतकं बावळट वाटलं असेल, की त्या चपला घालून खाली आल्या. आक्का गाडीतून उतरल्या नाहीत. काच तेवढी खाली केली.

"तुझ्या नावावर करते म्हनलं. पोरांना घिऊन त्या स्कूटीवर हिंडतीस म्हनं. आतनं काय बिघडलं तर तुला बघायला लागनार न्हाई. समदं इचारून घेतलंय."

"मला गाडी नको, आई."

"बरं."

स्टेशनात लोकल आली आणि गेली.

"तवा भांडली असतीस तर बरं झालं असतं," आक्का म्हणाल्या.

"भांडले असते तर ऐकलं असतंस?"

आक्कांनी विचार केला. खरंच विचार केला. "न्हाई," त्या म्हणाल्या.

मनीषाताईंनी तोंड फिरवलं. हसल्या की रडल्या, मला दिसलं नाही. मग त्या गाडीला वळसा घालून आल्या, मी बसलो होतो त्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "चल, एक चक्कर मार. तुला येते तरी का बघू."

मी फुटपाथवर उभा. बऱ्याच वेळानं गाडी परत आली तेव्हा चालवत मनीषाताई होत्या आणि आक्का शेजारी बसून रस्त्यावरच्यांना शिव्या देत होत्या. काच खाली झाली.

"इंजिनेर, तू बसनं जा. मी जेवून येते."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मनीषाताई दर शनिवारी महाळुंग्याला येतात, पोरांना घेऊन गाडीनं कुठेतरी जातात आणि रविवारी संध्याकाळी गाडी परत आणून देतात. येताना डबा आणतात, जाताना आक्का तो भरून देतात. परवा मी सहज म्हणालो, "आक्का, शोरूमला जाऊन नाव बदलायचं राहिलंच की."

आक्का लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिच्या नावावर केली, तर परत द्यायला कशाला यील ती?"