लग्नानंतरची कादंबरी

शिनगारे मामा कुणाला नाव विचारत नसत. कंपनीच्या बसमध्ये नवा माणूस शेजारी येऊन बसला, की मामा मान वाकडी करून अर्धा मिनिट त्याला निरखायचे आणि एकदम सांगायचे, "तुमाला रडायची गरज हाय."

समोरचा बिचारा सकाळी सहाला पोटापाण्यासाठी पिंपळे गुरवहून चाकणला निघालेला. तो म्हणायचा, "नाही हो, मी बरा आहे." मामा म्हणायचे, "बरे न्हाईत तुमी. खांदे बगा कसे वर चढलेत." तोवर पिशवीतून एक कादंबरी निघून त्याच्या मांडीवर, डब्याच्या शेजारी, येऊन पडलेली असायची.

मला ते पहिल्यांदा म्हणाले होते, "तुमी हसता कमी आन् रागावता जास्त. तुमाला विहिरीवाली लागंल." मी स्टोअरमध्ये आहे. चिठ्ठी आणल्याशिवाय साधा बोल्ट कुणाच्या हातावर ठेवत नाही. शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नव्हतं आणि त्याचा मला थोडा अभिमानच होता. मी पुस्तक घेतलं ते निव्वळ पीडा टळावी म्हणून. पण पीडा टळायची नव्हती, ती तिथून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी बसच्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून आवाज आला, "कुठवर आलाव?"

हा मामांचा रामराम. बस सुरू झाली की मामांना एका जागी बसवत नसे. दांडी धरून पुढे, दांडी धरून मागे, प्रत्येक सीटपाशी थांबून "कुठवर आलाव?" लोक झोपेचं सोंग घ्यायचे. एका फिटरने डोळे आलेत म्हणून आठवडाभर काळा चष्मा लावला. मी तिसऱ्या दिवशी सरळ थाप मारली, म्हटलं ऐंशी पानं झाली.

"मग सासऱ्यानं दार उघडलं का?"

"उघडलं की."

मामांचा चेहरा पडला. "त्या घराला दारच न्हाई, भोसले. तेच तर दुःख हाय."

शरमेने मी त्या दिवशी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये खरोखरच वाचायला घेतलं. चाकणच्या चौकात बस पाऊण तास अडकली, आणि ड्रायव्हरने गाडी पुढे काढली तेव्हा माझ्या तोंडून "थांब रे जरा" असं गेलं. मामा मागच्या सीटवरून हे ऐकत होते. माझ्या खांद्यावर थोपटून पुढे गेले.

मामा मूळचे बीडकडचे, केजच्याही पुढच्या एका गावातले. आमच्याकडे गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात, त्या लाइनवर ते इन्स्पेक्टर होते. हातात गेज असायचं. एका टोकाला पिन आत गेली पाहिजे, दुसऱ्या टोकाला गेली नाही पाहिजे, मगच माल पास. कादंबरीलाही त्यांनी तोच नियम लावला होता. "बाईनं गड्याला 'जेवलाव का' असं एकदा तरी इचारलं पायजे. आन् गड्यानं हात उगारलेला असला की रिजेक्ट. मग ती कितीबी गाजलेली असू द्या." पुस्तकाचं नाव ते कधी सांगत नसत. नाव दुकानदारासाठी असतं म्हणायचे. त्यांच्या पिशवीत विहिरीवाली, दोन पत्रांची, चहा निवतो ती, अशा कादंबऱ्या असत. सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं, आणि कव्हरांच्या कडा सुईदोऱ्याने शिवलेल्या. मी एकदा विचारलं, शिवता कशाला, चिकटपट्टी आहे ना स्टोअरमध्ये? ते म्हणाले, "चिठ्ठी मागताल तुमी."

प्रेमाच्या कादंबऱ्या त्यांच्या खास आवडीच्या, पण भुताखेतांच्याही चालत. मात्र भूत प्रेमात पडलेलं हवं. अशी एक त्यांनी सलीमभाईंना, म्हणजे आमच्या बसच्या ड्रायव्हरला, तोंडी सांगितली, कारण सलीमभाईंना मराठी वाचता येत नाही. एक मेलेली बाई नदीच्या पुलावर रोज एका ट्रकवाल्याची वाट बघते, अशी काहीतरी गोष्ट. त्यानंतर दोन महिने इंद्रायणीच्या पुलावर बस हळू व्हायची, पुढचं दार उघडायचं, क्षणभर थांबून बंद व्हायचं. आम्ही ओरडलो की सलीमभाई म्हणायचे, "बैठेगी तो बैठेगी. अपना क्या जाता है?" मामांना मात्र याचं जराही हसू आलं नाही. "ह्याला म्हणत्यात वाचक," एवढंच म्हणाले.

प्रेरणा देणाऱ्या कादंबऱ्यांच्या बाबतीत त्यांचा एकदा हात पोळला. वेल्डिंगच्या पवारला त्यांनी एका गरीब पोराची, शून्यातून वर येणाऱ्याची, कादंबरी दिली. पवारने ती दोन दिवसांत संपवली, तिसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि तळवड्याला आयटी पार्कच्या तोंडाशी मिसळीचं दुकान टाकलं. मिसळ चालली, हा भाग वेगळा. पण सुपरवायझरने मामांना बोलावून चांगलंच झापलं. तेव्हापासून असल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मामांच्या अक्षरात एक चिठ्ठी असे: "घाईच्या माणसाला देऊ नये. वाचून आठ दिवस कोणताही निर्णय घेऊ नये."

सगळ्यात मोठा घोळ झाला तो कायझेनचा. आमच्याकडे प्रत्येक कामगाराने महिन्याला एक सुधारणा सुचवायची असते, तिला कायझेन म्हणतात. छापील फॉर्म असतो, डावीकडे 'आधी' आणि उजवीकडे 'नंतर'. बाकीचे लोक लिहितात, आधी ट्रॉली लांब होती, नंतर जवळ आणली. मामांनी लिहिलं, "आधी: पेंट शॉपचे कांबळे (आकुर्डी) बायकोचा फोन आला की 'बोल' म्हणत. नंतर: 'बोल ना' म्हणतात. उपाय: कादंबरी एक. लागलेला वेळ: नऊ दिवस."

एचआरच्या मॅडम नव्या होत्या. त्यांनी मामांना ऑफिसात बोलावलं. ही प्रोसेसमधली सुधारणा नाही म्हणाल्या.

"कामून न्हाई? मानूस प्रोसेसमधी येत न्हाई व्हय?"

मॅडमनी फॉर्मवर शिक्का मारला. फॉर्म कँटीनच्या बोर्डावर लागला. कांबळे चार दिवस कँटीनला फिरकला नाही. पण महिन्याभरात बोर्डावर मामांचे फॉर्म वाचायला गर्दी व्हायला लागली, आणि मॅडमच्या टेबलाच्या खणात शिवलेल्या कव्हराचं एक पुस्तक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

असे हे मामा गेल्या वर्षी बिघडले.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. त्यांचं फेऱ्या मारणं वाढलं, पण "कुठवर आलाव" बंद झालं. सीटपाशी यायचे, दांडी धरायचे, सोडायचे, परत धरायचे. मग एके दिवशी मला म्हणाले, "भोसले, तुमच्याकडं एखादी हाय का?"

"काय?"

"कादंबरी."

आठ वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. कसली हवी, विचारलं तर म्हणाले, "लग्न झालंय. लेकरं गेलीत आपापल्या घरी. गडी अठ्ठावन्नचा, बाई त्रेपन्नची. आन् दोघं एका घरात ऱ्हायलेत. भूत असलं तरी चालंल."

सगळ्या बसने शोध घेतला. कांबळेने आकुर्डीच्या वाचनालयात विचारलं, मॅडमनी मोबाइलवर पाहिलं, पवारने दुकानात मिसळ खायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारलं. सापडेना. जी मिळे ती लग्नापाशी संपे, नाहीतर दोघांतलं एक जण आधीच वारलेलं असे. मामा पुस्तक चाळायचे, शेवटचं पान बघायचे आणि परत द्यायचे. आम्हाला गंमत वाटत होती. कुणीतरी म्हणालं, मामा, तुम्हीच लिहा. मामा हसले नाहीत.

पुढे एकदा चाकणच्या चौकात बस नेहमीसारखी अडकली होती. मामा माझ्या शेजारी येऊन बसले. गुडघा सारखा हलत होता.

"दोन महिन्यांनी रिटायर व्हायलो," ते म्हणाले.

"मग मजा आहे. गावी जाणार?"

"जायचंय." गुडघा हलायचा थांबला. "भोसले, ह्या कादंबऱ्या माझ्या न्हाईत. तिच्या हायेत, तुमच्या मामीच्या."

आणि मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी ते एकटे इकडे आले. वर्षभरात बायकोला आणायचं ठरलं होतं. वडिलांनी अंथरूण धरलं, मग आईने. मग लेकीची शाळा, लेकीचं लग्न. आई जाऊनही दोन वर्षं झाली, पण तोवर 'चल' म्हणायची सवयच मोडली होती. ते दिवाळीला आणि जत्रेला जात, चार दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. बाकी वर्षभर फोन. पहिल्या वर्षी फोनवर बोलायला काही सुचेना, म्हणून मामांनी चिंचवड स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानातून एक कादंबरी घेतली, वाचली आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देऊन गावी पाठवली. मामींनीही ती वाचली. मग रोज संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर, त्या कादंबरीतल्या माणसांवर बोलणं. मामी ज्या पास करतील, कव्हर शिवून परत पाठवतील, तेवढ्याच आमच्या बसमध्ये यायच्या. रडायची गरज कुणाला आहे, हेही मामा फोनवर माणसाचं वर्णन करून त्यांना विचारायचे.

"माझं वर्णन काय केलं होतंत?" मी विचारलं.

"मी मनलो, लई कुरकुऱ्या हाय, पण डब्यातला लाडू देतो. ती मनली, मग विहिरीवाली द्या."

मला कसंतरीच झालं. जिला मी कधी पाहिलं नव्हतं, तिने मला माझ्या घरच्यांपेक्षा बरं ओळखलं होतं.

"बावीस वर्षं आमी दुसऱ्यांच्या संसारावर बोललाव," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आमच्यावर कधी बोललावच न्हाई. आता समोरासमोर बसल्यावर काय बोलायचं, मला भ्या वाटायलंय बगा." आणि खिशातून डायरी काढली. "तुमी घरी गेल्यावर वैनीसंगं पैलं वाक्य काय बोलता?"

मी पंचवीस वर्षं संसार करतोय, पण आठवावं लागलं. "मोटर लावली का, असं विचारतो. टाकीत पाणी चढवायची."

मामांनी ते अक्षर काढून लिहून घेतलं. मग पुढचे पंधरा दिवस ते सगळ्या बसला हेच विचारत फिरले. कुणी म्हणालं, 'चार्जर कुठाय?' कुणी म्हणालं, 'आज परत दोडका?' सलीमभाई म्हणाले, "मैं कुछ नहीं बोलता. जूता निकालता हूँ, वो समझ जाती है." मामांनी तेही लिहून घेतलं. त्या संध्याकाळी घरी गेलो आणि मोटरचं विचारायचं तोंडात आलं होतं ते गिळून मी बायकोला म्हटलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "काय झालं? कंपनीतून काढलं का?"

निरोपसमारंभाला शाल-श्रीफळ झालं. मॅडमनी मामांना दोन शब्द बोलायचा आग्रह केला. आठ वर्षं आमचं डोकं खाणारा माणूस माइकपुढे उभा राहिला, "वाचत ऱ्हा" म्हणाला आणि खाली बसला. पुस्तकांची पिशवी त्यांनी बसमध्येच ठेवली.

मला करमेना. बसमध्ये आता कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, आणि तेच टोचत होतं. बारा दिवसांनी न राहवून मी फोन लावला.

"काय मामा, बोलता का मामींशी?"

"पैल्या दिवशी तिनं पाणी दिलं. मी पिलो. ती मनली, आणखी? मी मनलो, बास. झालं. दोन दिवस तेवढंच. तिसऱ्या दिवशी तुमचं वाक्य काढलं. मोटर लावली का मनलो. ती मनली, आपल्यात हापसा हाय."

मला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. "मग?"

"मग लई घुसमटलो. उठून मारुतीच्या पारावर गेलो आन् तिला फोन लावला."

"घरात असताना?"

"ती घरात. मी पारावर. पैल्या रिंगला उचलला. मनली, कुठं हाव? मनलो, पारावर. मनली, बोला. मग तासभर बोललाव. पुस्तकाचं न्हाई बरं का. ती एकटी काय करायची, मी एकटा काय करायचो, ते. तिची लई वर्षं गेली, भोसले. मला म्हाईतच नव्हतं."

मी विचारलं, "अजून पारावरूनच लावता?"

"न्हाई न्हाई. रोज थोडं थोडं जवळ यायलो. परवा गिरणीपाशी हुतो. काल बाभळीपाशी. आज आमच्या ओट्यावर बसलोय."

"अहो मग आत जा ना! दार तर समोर असेल."

"जातो की. घाई कशाला—" मामा बोलता बोलता थांबले. मग एकदम घाबरल्यासारखे म्हणाले, "ठेवा, ठेवा तुमी. दुसरा फोन यायलाय."

"कुणाचा?"

"तिचा. आतून."